डेअरीवाल्या वहिनींचा योग

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि तीही अडखळतच चढलेला. कुणाविषयी चार पानं लिहावीत एवढा माझा अधिकार नाही. त्यात ज्यांच्याविषयी लिहायचं त्या बाई वयानं, मानानं आणि आवाजानंही माझ्याहून मोठ्या. पण त्यांच्याविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, आणि त्यांच्या बाबतीत माझ्याकडून झालेली एक चूक मी अजून कुणाला सांगितलेली नाही. म्हणून लिहितो. काही कमीजास्त झालं तर मोठ्या मनानं घ्यावं.

तर, पांढुर्ण्याच्या डेअरीवाल्या वहिनींइतका निर्णय न घेणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि एक निर्णय घेण्यासाठी एवढी मेहनत करणारा माणूसही मी पाहिलेला नाही. लोक विचार करून ठरवतात, कुणाला विचारून ठरवतात, काही जण न ठरवताच करून मोकळे होतात. वहिनींना यातलं काहीच पटत नसे. समोर चार वाटा असतील तर चारही वाटांनी थोडं थोडं चालून बघायचं, पायाला कुठं काय टोचतं ते पाहायचं, आणि परत येऊन चौकात उभं राहायचं, अशी त्यांची पद्धत. त्या उभ्या राहायच्या त्याही एका पायावर. हे मी गमतीनं लिहीत नाही. दुधाचं फॅट मोजणारं यंत्र आकडा दाखवेपर्यंत वहिनी वृक्षासनात उभ्या असत. उजवं पाऊल डाव्या मांडीला टेकवलेलं, एका हातात दुधाचा नमुना, आणि समोर कॅन घेऊन आलेले शेतकरी शांतपणे वाट पाहत.

मी पांढुर्ण्याला लागून असलेल्या सौंसर तालुक्यातल्या मोहगावचा, म्हणजे खेड्यातलाच. बी.ए.ची तीन वर्षं मी वहिनींच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. घराच्या पुढच्या भागात त्यांचं दूध संकलन केंद्र होतं, त्याला सगळे डेअरी म्हणत. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात तिथं आजूबाजूच्या गावांचं दूध येई. त्यांचे यजमान, ज्यांना मी भाऊ म्हणत असे, संत्र्याचा ट्रक चालवत. हंगामात ते पंधरा-पंधरा दिवस घरी नसत. मुलगी तिसरीत होती, मुलगा चार वर्षांचा. वहिनी मला बाबू म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण कॉलेजात जाणाऱ्या माणसाला नुसतं नावानं हाक मारणं त्यांना बरं वाटत नसावं.

योग त्या शिकल्या तोही डेअरीतच. समोरच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त गुरुजी राहत. ते पहाटे मंदिराच्या सभामंडपात बायकांचा वर्ग घेत आणि तिथून येताना वहिनींकडून लिटरभर दूध नेत. धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणानंतर वहिनींची कंबर धरली होती. सकाळच्या वर्गाला जाता येत नाही, कारण तीच दुधाची वेळ. मग गुरुजींनी तोड काढली. त्यांचं दूध मोजून होईपर्यंत ते रोज एक आसन सांगत. वहिनी ते दिवसभर करून बघत आणि दुसऱ्या दिवशी दूध मोजताना करून दाखवत. अशी दोन-तीन वर्षं गेली. कंबर कधीच बरी झाली होती, पण दूध आणि आसन दोन्ही चालूच होतं. पुढे गुरुजी मुलाकडे राहायला इंदूरला गेले आणि त्यांच्या वर्गातल्या अकरा बायका एका सकाळी चटया घेऊन थेट डेअरीत आल्या. "गुरुजी म्हणून गेले, का आता वर्ग तूच घे," एवढंच त्यांचं म्हणणं.

वहिनींनी घेतलाही. सकाळी सहाला अंगणात अकरा बायका चटयांवर, ओसरीवर वहिनी फॅटच्या यंत्रापाशी, आणि दोघांच्या मधून शेतकऱ्यांची रांग. "पाच दोन लागली दादा तुमची फॅट. दोन्ही हात वर. कॅन सरकवा. मान खाली नका घालू व." यातलं कोणतं वाक्य कोणासाठी हे ऐकणाऱ्यानं आपापलं ठरवायचं. एक म्हातारे शेतकरी रोज कॅन खाली ठेवून दोन्ही हात वर करत. त्यांना वाटे, डेअरीचा नवा नियम निघाला. वहिनींनी त्यांना कधी थांबवलं नाही. "त्यायचा खांदा मोकळा होऊन राहिला, होऊ दे," म्हणाल्या. रांगेतल्या प्रत्येकाच्या हाडांवर त्यांचं लक्ष असे. "काकाजी, उजवा खांदा वर हाय तुमचा. उद्यापासून कॅन डाव्या हातानं आणा." आणि काकाजी आणत. कॅनच्या हाताचा फॅटशी काहीतरी संबंध असावा अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

घरातली शिस्तही आसनांची होती. मुलांनी गोंधळ घातला की वहिनी ओरडत नसत, फक्त "शवासन!" म्हणत, आणि दोघं जिथं असतील तिथं जमिनीवर पडत. धाकटा तर इतका तयार झाला होता की काही फुटल्याचा आवाज आला आणि आम्ही धावत गेलो, तर काचांपासून हातभर अंतरावर तो आधीच डोळे मिटून उताणा पडलेला असे, तळहात आकाशाकडे, चेहऱ्यावर अशी शांती की रागावणार कोणावर?

हे सगळं चालू राहिलं असतं. पण एक दिवस गावात नव्यानं बदलून आलेल्या एका बाई वर्ग बघायला आल्या. चांगल्या होत्या बोलायला. शेवटी सहज म्हणाल्या, "तुम्ही शिक्षण कुठून घेतलंत? प्रमाणपत्र असेलच ना? मला मानेचा त्रास आहे, म्हणून विचारते." वहिनी म्हणाल्या, "नाही जी." त्या बाई काही वावगं बोलल्या नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी वहिनींनी अकराही जणींना चटया घेऊन परत पाठवलं. बायका भांडल्या. एकीनं तर "आता फॅटच्या मशीनलेही सर्टिफिकेट माग!" असं सुनावलं. वहिनी ऐकेनात. मला म्हणाल्या, "बाबू, त्या बाईची मान माह्या हातानं मोडली असती तं? गुरुजीइनं मले जे दिलं ते दुधाच्या रांगेत दिलं. त्यात काय सुटलं, मले काय माहीत? मी बराबर शिकन, मंगच शिकवन."

तेव्हापासून त्यांचा शोध सुरू झाला, आणि माझा त्यात कामाला उपयोग होऊ लागला. मी माहितीपत्रकं मागवायची, मोबाइलवर वाचायची आणि त्यांना समजावून सांगायची. अखेर चार वाटा राहिल्या. ऋषिकेशला महिनाभर राहून. नागपूरला सहा महिने, दर शनिवार-रविवार. पुण्याकडच्या एका संस्थेचा घरबसल्या मोबाइलवर. आणि सौंसरला दोन वर्षं, फक्त रविवारी. चारही पत्रकं वहिनींनी डेअरीच्या भिंतीवर दुधाच्या भावाच्या तक्त्याशेजारी चिकटवली. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ रांगेत चर्चा सुरू झाली. डेअरीत पक्ष पडले. तरुण मंडळी ऋषिकेशच्या बाजूनं, कारण तिथला फोटो सुंदर होता. हात वर करणारे म्हातारे काका सौंसरवाले. "सौंसरले जा बाई. जामसांवलीच्या हनुमानजीचं दर्शनबी होऊन जाते." वहिनी सगळ्यांचं ऐकत आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर येत.

पहिली परीक्षा ऋषिकेशची. महिनाभर मुलांपासून दूर राहता येईल का, हे आधी कळायला हवं, म्हणून वहिनींनी छतावरच्या खोलीत तीन दिवसांचं ऋषिकेश उघडलं. कांदा-लसूण बंद, बोलणं बंद, मुलांना भेटणं बंद. शेजारच्या काकूंना मुलांजवळ बसवलं. डेअरीच्या वेळेला मात्र त्या जिना उतरून येत आणि मौन पाळून फॅट बोटांनी दाखवत. पाच बोटं, मग दोन बोटं. एका शेतकऱ्यानं ती बोटं लिटरची समजून तिथंच वाद सुरू केला, आणि वहिनी मौनात असल्यानं तो एकटाच भांडत राहिला. दुपारी धाकटा जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसला.

"आई, ऋषिकेश किती दूर हाय?" त्यानं वर तोंड करून विचारलं.

मौन मोडलं. "लय दूर हाय बेटा."

"मंग तुहा आवाज कसा येऊन राहिला?"

 मग वहिनी खाली आल्या, त्याला उचललं, आणि तीन दिवसांचं ऋषिकेश दीड दिवसात आटोपलं.

नागपूरसाठी त्यांनी रंगीत तालीमच केली. प्रवेश घेतलेला नाही, पैसे भरलेले नाहीत, तरी एका रविवारी दोन्ही मुलांना आणि मला घेऊन त्या सकाळचं दूध आटोपताच गाडीनं नागपूरला गेल्या. संस्थेसमोर एक बाग होती. वर्ग सुरू होण्याच्या वेळेला त्या बागेत मांडी घालून बसल्या आणि वर्ग सुटेपर्यंत सहा तास तिथंच बसल्या, मुलांना कसं वाटतं ते बघायला. मुलीला कंटाळा आला, धाकट्यानं तीन वेळा शवासन केलं, बागेच्या चौकीदारानं दोनदा येऊन चौकशी केली. परतीची गाडी उशिरा निघाली. पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा डेअरीपुढे कॅनची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि लोक वहिनींच्या नावानं बोटं मोडत होते. त्यांनी पदर खोचला, यंत्र सुरू केलं आणि मला हळूच म्हणाल्या, "शनिवार-रविवारी म्हशी सुट्टी घेत असत्या तं लय बरं झालं असतं."

मग आलं पुण्याकडचं. ते सगळ्यांत सोयीचं होतं. संध्याकाळी साडेसातला दूध संपे आणि पावणेआठला मोबाइलवर वर्ग. आठ दिवस विनामूल्य बघायला मिळणार होते. वहिनींनी मोबाइल रिकाम्या कॅनला टेकवला. तो होता भाऊंच्या नावाचा, त्यामुळे पडद्यावर त्यांच्या चौकटीत भाऊंचं नाव. मॅडम म्हणाल्या, "सर, कॅमेरा सुरू करा." वहिनी म्हणाल्या, "मी येतो म्याडम, जरा कॅन सरकवतो." आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. पडद्यावर वहिनी दिसल्यावर मॅडमनी चौकटीवरचं नाव पुन्हा वाचलं.

पण मॅडम फार गुणी होत्या. सातव्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला पाच मिनिटं शिकवायला सांगितलं. वहिनींची पाळी आली. मी मोबाइल धरून उभा होतो. पडद्यावर पंधरा-वीस चौकटी, प्रत्येकीत एक माणूस. वहिनींचा आवाज असा लागला की मीही सरळ उभा राहिलो. "हात वर घ्या. श्वास घ्या. आता हळूहळू खाली या. आपण श्वास सोडून राहिलो... सोडून राहिलो... घाई नाही... सोडून राहिलो..."

आता आमच्या बोलीत 'सोडून राहिलो' म्हणजे सोडण्याचं काम चालू आहे. 'जेवून राहिलो' म्हणजे जेवण चालू आहे, तसंच. पण त्या चौकटींतल्या लोकांनी ते पुस्तकातल्यासारखं घेतलं. श्वास सोडला, आणि सोडून राहिले. कुणीच परत घेईना. मिशीवाले एक गृहस्थ आधी गुलाबी झाले, मग लाल. एका मुलीचे डोळे मोठे होऊ लागले. मॅडमही प्रामाणिक, त्याही तशाच राहिल्या. आणि वहिनींना वाटलं, या लोकांचा श्वास अजून सोडणं चालूच आहे. शहरातल्या माणसांची छाती केवढी मोठी असते, असं मनात येऊन त्या कौतुकानं म्हणत राहिल्या, "वा! सोडून राहिलो... सोडून राहिलो..." शेवटी मिशीवाल्या गृहस्थांनी मोठ्यानं हवा आत ओढली आणि त्यांच्यामागून सगळ्यांनीच.

"अहो ताई," मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "श्वास सोडून राहायचं तरी किती वेळ?"

"राहाचं कायले म्याडम? आपण सोडून राहिलो ना!"

"तेच विचारतेय. सोडून राहिलो, ठीक आहे. पण घ्यायचा कधी?"

"सोडणं झालं का घ्या ना!"

"ते केव्हाच झालं होतं!"

"मंग घेतला काऊन नाही?"

मला मध्ये पडावं लागलं. मी माझ्या पुस्तकी मराठीत उलगडा केला तेव्हा सगळ्या चौकटी हसल्या, मिशीवाले गृहस्थही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शिकवता खरंच छान. पण वाक्यं बदलावी लागतील बरं का. ऐकणाऱ्याच्या श्वासाचा प्रश्न आहे." त्यात टोचून बोलणं नव्हतं. वहिनीही हसल्या. मोबाइल बंद केल्यावर मात्र कॅनवरचं झाकण त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पुस्तकी मराठी शिकवायला लावलं. मी स्वतः कॉलेजात पहिलं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, 'करून राहिलो' निसटून जाईल या भीतीनं. तरी मी त्यांना 'मी श्वास सोडत आहे' म्हणायला शिकवलं. आज ते आठवलं की बरं वाटत नाही. वहिनींनी सराव डेअरीत सुरू केला. "आपण दूध आणले आहे काय?" असं त्यांनी विचारलं की शेतकरी मागं वळून पाहत. काकाजींना वाटलं बाई रागावल्या, आणि ते दोन दिवस दूधच घेऊन आले नाहीत. हात वर करणाऱ्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबू, बाईची तब्येत तं बरी हाय ना?" शेवटी मुलीनं निकाल दिला. "आई, तू टीव्हीसारखी बोलू नको. मले भेव लागते." वहिनींनी पुण्याकडचं पत्रक भिंतीवरून उतरवलं. नागपूर आणि ऋषिकेश सौंसरशेजारी तिथंच राहिले, जरी त्या दोन्ही वाटा जमण्यासारख्या नाहीत हे आम्हाला कळून चुकलं होतं.

मग एका मंगळवारी आम्ही सगळे जामसांवलीला गेलो. वहिनींनी चार चिठ्ठ्या करून आणल्या होत्या, पुण्याचीही, कारण देवासमोर कुणाला वगळणं बरं नाही. पहिली चिठ्ठी ऋषिकेशची निघाली. "हिची घडी नीट पडली नव्हती," म्हणून परत टाकली. दुसरी नागपूरची. "हातात दोन आल्या होत्या." तिसऱ्यांदा त्यांनी हात घातला आणि तसाच मागं घेतला. तिथला हनुमान झोपलेल्या रूपातला आहे. वहिनी त्याच्याकडे बघून हलकेच म्हणाल्या, "आराम करून राहिले ते. कायले त्रास द्यायचा?" आणि चिठ्ठ्या कंबरेला खोचून टाकल्या. बाहेर येऊन मुलांना पेढा दिला, मलाही दिला.

खरं सांगायचं तर उत्तर मला दिसत होतं. सौंसरचं पत्रक मी इतक्या वेळा वाचलं होतं की ते मला पाठ झालं होतं. वर्ग फक्त रविवारी दुपारी. सकाळचं दूध उरकून निघता येईल, संध्याकाळच्या दुधाला परत येता येईल. मुलांना मागं बसू देतात. शिकवणारे आपल्याकडचे, त्यांच्यासमोर श्वास सोडून राहिलं तरी कुणाचा जीव गुदमरणार नाही. अडचण एकच, दोन वर्षं. वहिनींना ती फार लांब वाटत. "अकरा जणी दोन वर्षं थांबतीन का बाबू?" असं त्या अधूनमधून विचारत आणि स्वतःच मान हलवत.

माझी शेवटची परीक्षा झाली. नागपूरला पुढच्या शिक्षणासाठी माझा प्रवेश झाला होता. निघण्याच्या आदल्या दुपारी मी खोलीतलं सामान बांधत होतो, तेव्हा वहिनी दारात आल्या. हातात सौंसरचा फॉर्म होता, कोरा. भरण्याचा शेवटचा दिवस शनिवार. त्या दोन्ही पायांवर उभ्या होत्या, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं.

"बाबू, तू सगळं वाचलं हाय. तू शिकेल हाय. आता तू सांग. भरू का नको?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पण मला वाटलं, दोन वर्षांचा प्रश्न आहे, दोन लेकरं आहेत, भाऊ घरी नसतात. उद्या हे जमलं नाही तर म्हणतील, बाबूनं सांगितलं म्हणून भरला. माझ्या आईवडिलांनीही कधी मला काही विचारून ठरवलं नव्हतं. एवढ्या मोठ्या बाईला मी काय सांगणार? मी म्हणालो, "तुम्हीच विचार करा वहिनी. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाल्या. मग मला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

नागपूरला मी रमलो नाही, पण राहिलो. एम.ए. केलं, मग बी.एड.ला लागलो. सणासुदीला मी वहिनींच्या मोबाइलवर शुभेच्छांचं चित्र पाठवी, त्यांच्याकडून जोडलेले हात येत. त्यांनी काय ठरवलं हे मी विचारलं नाही. फॉर्म भरला असेल तर त्या सांगतील, आणि भरला नसेल तर विचारून काय होणार, असं मी स्वतःला सांगत असे.

मग गेल्या हंगामात नागपूरच्या संत्र्याच्या मंडईत भाऊ भेटले. आमच्या गावच्या शेजाऱ्यांचा माल आला होता म्हणून मी तिथं गेलो होतो. भाऊ ट्रकच्या सावलीत चहा पीत होते. त्यांनी मला बसवलं, माझ्यासाठी चहा सांगितला. मी चाचरत विचारलं, "वहिनींनी सौंसरचा फॉर्म भरला होता का हो?"

"त्या वर्षी नाही भरला," भाऊ म्हणाले.

"का?"

"तुह्यापाई." त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, वाईट वाटावं असा त्यांचा हेतूच नव्हता. "ती म्हणे, बाबूनं सारे कागद वाचले हाय. सौंसर तं त्याचाच तालुका. चांगलं असतं तं त्याच्या तोंडून निंगलं असतं. तो काही बोलला नाही, म्हंजे त्यात काही खोट असन, आन् मले वाईट वाटू नये म्हणून सांगून नाही राहिला."

मी चहाचा पेला खाली ठेवला. त्या दुपारी मी गप्प बसलो ते भीतीनं, आणि त्या गप्प बसण्याचा एवढा चांगला अर्थ काढून वहिनींनी आपलं एक वर्ष घालवलं होतं.

भाऊ पुढं सांगत होते. दुसऱ्या वर्षी वहिनींनी कुणालाच विचारलं नाही. स्वतः सौंसरला गेल्या आणि तिथंच बसून फॉर्म भरला. आता दुसरं वर्ष चालू होतं. दर रविवारी दोन्ही लेकरं घेऊन जातात. भाऊ जमेल तेवढ्या रविवारी घरी राहतात, फॅट काढायला शिकलेत. परीक्षेसाठी सरावाचे पाठ घ्यावे लागतात, तेव्हा त्या अकरा जणींना परत बोलावलं. आल्या का, मी विचारलं. "दहा आल्या. एकीचं लग्न झालेल्या पोरीकडं जाणं झालं, तं तिनं आपल्या जावेले पाठवलं. अकराच्या अकरा."

पण वेळेचा घोटाळा होताच. सकाळी दूध, संध्याकाळी दूध. धाकट्याची शाळा तीनला सुटते. मोकळा वेळ एकच, दुपारचा दीड. आणि आसनं तर रिकाम्या पोटी करायची. वहिनींनी पुस्तक काढून बायकांना दाखवलं की जेवणानंतर तीन तास तरी जायला हवेत. बायकांनी बोटांवर मोजलं आणि घरी जाऊन स्वयंपाकाची वेळ बदलली. "आता अकरा घरात दहाले जेवण होते," भाऊ म्हणाले. "माणसं आधी बोंबलली. मंग चूप बसली. पान वाढेलच असते दहाले, जेवा का नका जेवू. माह्या ट्रकवर बसूनबी मले आता दहालेच भूक लागते."

मी हसलो. भाऊही हसले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत संत्री भरली, आणि माझा निरोप काय सांगू, असं विचारलं. मला सांगायचं पुष्कळ होतं. मी म्हणालो, "परीक्षेला शुभेच्छा सांगा." एवढंच.

त्यालाही बरेच महिने झाले. परीक्षा कधी होती, कशी झाली, काहीच कळलं नाही. मी दोनदा मोबाइल हातात घेतला आणि दोनदा ठेवला. कागद घेऊन हे सगळं लिहायला बसलो ते त्याच दिवसांत. जे तोंडानं सांगता आलं नाही, ते असं लिहून तरी निघेल असं वाटलं. पुढं काय झालं ते मलाच माहीत नव्हतं, म्हणून हे लिखाण मंडईपर्यंत येऊन अडलं होतं.

काल सकाळी वहिनींचा निरोप आला, लिहिलेला नाही, बोलून पाठवलेला. मागं कॅन सरकवल्याचा आवाज होता, कुणीतरी "बाई, माही फॅट सांगा" म्हणत होतं. त्यांना थांबा म्हणून वहिनी माझ्याशी बोलल्या. मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. जसं आहे तसं लिहितो.

"बाबू, पास झाली मी. थोडक्यात झाली, पण झाली. तुह्या भाऊनं मले सांगितलं, मंडईत तुहं तोंड उतरलं होतं म्हणून. तू काही मनात नको धरू. त्या वर्षी लेकरू लहान होतं, मी जाऊनबी नापास झाली असती. आन् आईक, मोहगावच्या बायाइनंबी बोलावलं हाय मले, येत्या शनिवारपासून. तुही आई मोहगावलेच हाय ना? कंबर दुखते म्हणे तिची. तिले सांगजो, मी येऊन राहिली. दीड वाजता. शनिवारी दहालेच जेवून घे म्हणा."